मामांच्या भिंतीवरचा प्रेशर गेज

आधीच सांगून टाकतो, या सदरात मी आजवर फक्त वाचक होतो, आणि तोही शंकेखोर. पिंपळावरची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... हे सगळं मी चहाबरोबर चवीनं वाचतो आणि कप धुवायच्या आत विसरून जातो. माझा जन्म विजेच्या खात्यात गेला. जे मीटरवर दिसत नाही ते नाही, इतकी माझी साधी समजूत. बायको म्हणते की मला बघून भूतच रस्ता बदलेल. असेल. पण ही एक गोष्ट अशी आहे की ती मीटरवरच दिसली, आणि तिथेच माझी पंचाईत झाली.

ठिकाण आदिलाबाद जिल्ह्यातलं, भैंसा भाग. तेव्हा आंध्रात होता, आता तेलंगणात. महाराष्ट्राची हद्द इतकी जवळ की ऑफिसचा कागद तेलुगूत, भांडण उर्दूत आणि जेवण मराठीत, असा आमचा कारभार. भैंशाच्या बाहेर जिनिंग मिलांच्या मागे एक सबस्टेशन होतं. नेमकं कोणतं ते लिहीत नाही, कारण त्यातले काही लोक अजून आहेत आणि मला फोन करतात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे शिफ्ट ऑपरेटर म्हणून लागलो. आमच्या घरात मी पहिला सरकारी नोकर. आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबले, वडील मिलमध्ये रुईच्या गाठी उचलायचे, आणि मी त्याच मिलला वीज देणाऱ्या खोलीत खुर्चीवर बसणार... घरच्यांना याचं फार कौतुक होतं.

तिथे मला सटवाजीमामा भेटले. सीनियर ऑपरेटर, जवळच्याच मुधोळ गावचे, कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरातले. आवाज बारीक, चाल संथ, वरच्या खिशात चष्मा आणि त्याच खिशात सुपारीची खांडं, त्यामुळे चष्म्याला कायम सुपारीचा वास. मी नोकरीला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते मला मुधोळला घरी जेवायला घेऊन गेले. गोदामामींनी वाढलं. माझं ताट वेगळं नव्हतं आणि माझी जागा वेगळी नव्हती. त्या काळी, त्या गावात, ही गोष्ट लहान नव्हती, एवढंच लिहितो. तेव्हापासून ते माझे मामा.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मोठा ट्रान्सफॉर्मर म्हणजे तेलानं भरलेली लोखंडी टाकी. आमचा जुना होता आणि पूर्ण बंद जातीचा. तेलाच्या वर नायट्रोजन वायू भरलेला, बाहेरच्या हवेला आत शिरकाव नाही. टाकीच्या बाजूला, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक गोल प्रेशर गेज. दुपारी ऊन आणि लोड वाढला की तेल फुगतं, वायू दाबला जातो आणि काटा शून्याच्या उजवीकडे दोन-तीन पौंडांवर जातो. पहाटे गार पडलं की तेल आकसतं आणि काटा शून्याच्या डावीकडे सरकतो. रोज उजवीकडे, रोज डावीकडे. समजा काटा रात्रंदिवस शून्यावरच बसून राहिला, तर नवख्या माणसाला वाटतं की सगळं शांत आहे. पण तेच सगळ्यात वाईट. याचा अर्थ टाकी कुठेतरी उघडी पडली, बाहेरची ओलसर हवा आत जाते आहे, आणि ओल धरलेलं तेल एक दिवस दगा देणार.

“काटा हल्ला पायजे,” मामा म्हणायचे. “हल्ला म्हंजे जिता हाय.”

दर तासाला यार्डात जाऊन रीडिंग घ्यायचं आणि लॉगशीटमध्ये लिहायचं, असा नियम. मामा खरोखर जायचे. काचेवर बोटानं टिचकी मारायचे, काटा कुठे अडकला असेल तर सुटावा म्हणून, मग वाकून समोरून बघायचे आणि परत येऊन लिहायचे. बाकी आम्ही... काय लपवायचं आता, पेन्शन सुरू आहे. वरची ओळ खाली उतरवणं ही आमच्या खात्यातली जुनी कला आहे. दोन वाजताचा आकडा तीनला लिहायचा, तीनचा चारला, आणि मध्ये एखाद्या ठिकाणी अर्धा पौंड कमी-जास्त केला की शीट खरी वाटते. मामांनी मला एकदा पकडलं.

“गौतमा, तू हजेरी मांडून राह्यला का हाल पुसून राह्यला?”

मी म्हणालो, “मामा, कोण पाहते?”

“तो पाहते,” ते म्हणाले आणि ट्रान्सफॉर्मरकडे बोट दाखवून चहा प्यायला गेले.

मामा रिटायर व्हायच्या थोडं आधी त्या गेजच्या आतली नळी चिरली. नवा गेज आला, जुना भंगारात निघाला. निरोपसमारंभात आम्ही मामांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. सगळं घेऊन झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, तो जुना गेज मिळेल का? स्टोअरकीपर गमतीनं म्हणाला, दरखास्त द्या. मामांनी बसून खरंच दरखास्त लिहिली. ‘सदरहू गेज माझ्यासोबत बरीच वर्षे ड्यूटीवर होता व तोही माझ्यासोबतच रिटायर होत आहे, तरी मेहेरबानी करून मला देण्यात यावा.’ स्टोअरकीपरनं ती वाचली, डोळे पुसले आणि गेज देऊन टाकला. नंतर तो म्हणायचा की डोळ्यात कापसाची पिंज गेली होती.

घरी गेल्यावर घड्याळासाठी दाराशेजारी जो खिळा ठोकला होता, त्यावर मामांनी गेज टांगला. घड्याळ स्वयंपाकघरात मामींकडे गेलं.

तीन-चार महिन्यांनी मी मुधोळला गेलो, तर मामींनी दारातच तक्रार सुरू केली.

“पाय बाबा, तुह्या मामाचं नवं खूळ. सकाळी पाहतेत, दुपारी पाहतेत, सांजच्याला पाहतेत. अन् क्यालेंडरवर लिहितेत. माह्या तोंडाकडं पन कदी इतकं नाई पाह्यलं.”

कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं तीन बारीक आकडे होते. मी गेजकडे पाहिलं. दुपारचे अडीच वाजले होते आणि काटा सव्वादोन पौंडांवर होता.

मला हसू आलं. मी खिळ्यावरून गेज काढला, उलटा केला. खालचं तोंड उघडं, कशालाच जोडलेलं नाही. त्यात तोंड लावून जोरात फुंकलं. चिरलेल्या नळीतून हवा फुस्सकन बाजूनं निघून गेली, काटा तसूभरही हलला नाही. म्हणजे गेज मेलेलाच होता. परत टांगला. काटा सव्वादोनवर.

“मामा, पितळ हाय, उन्हानं फुगते,” मी म्हणालो. “काटा अडकला असन.”

“हाव, असन,” मामा म्हणाले आणि मला सुपारी दिली. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मला मात्र चैन पडेना. निघताना मी त्या आठवड्यातले चार-पाच आकडे हातावर लिहून घेतले आणि सबस्टेशनला येऊन माझ्या स्वतःच्या शिफ्टच्या शीटशी ताडून पाहिले (माझ्या, कारण इतरांच्या शीटवर माझा विश्वास नव्हता, आणि माझ्याही काही तासांवर नव्हता). ज्या तासांना मी खरोखर यार्डात गेलो होतो ते आकडे जुळत होते. मी स्वतःला सांगितलं, इतकी वर्षं बघितलेली गोष्ट, माणसाला अंदाज येतोच. आणि विषय मिटवला.

गावानं मात्र मिटवला नाही. मामा कोणी आलं की कौतुकानं गेज दाखवायचे. “सद्या भैंशात लोड वाढला,” असं अंगणात बसून सांगायचे. लोक समोर माना डोलवायचे आणि वळल्यावर हसायचे. ही बातमी हैदराबादला पोचली. मामांचा एकुलता एक मुलगा बालाजी तिथे बँकेत होता. चांगला मुलगा, पण काळजी करण्याचा त्याचा मार्ग म्हणजे निर्णय घेऊन मोकळं होणं. तो रजा काढून आला, दोन दिवस बापाला बघितलं आणि ठरवलं. बाबांना हैदराबादला घेऊन जायचं, डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचं, आणि मुधोळच्या घराला कुलूप लावायचं. रविवारची तिकिटं काढली. मामींची पत्र्याची पेटी भरायला घेतली.

हे मला बालाजीनंच येऊन सांगितलं. वर म्हणाला, “तुमचं ऐकतात ते. जरा समजावून सांगा. बंद गेज वाचणारा माणूस उद्या गॅस चालू ठेवून झोपेल.”

मी हो म्हणालो. आज लिहिताना लाज वाटते, पण मी हो म्हणालो. गेलोसुद्धा. मामा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी म्हणालो, मामा, हैदराबाद चांगलं आहे, नातवंडांजवळ राहाल, डॉक्टर एकदा पाहतील तर काय बिघडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“गौतमा,” ते म्हणाले, “तुले वाटते का माहं डोकं फिरलं?”

मला सरळ नाही म्हणता आलं नाही. मी म्हणालो, “तसं नाई मामा...” त्यांनी एक शेंग सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले.

मग आला गुरुवार. कापसाचा हंगाम ऐन भरात होता, मिला रात्रंदिवस चालू, आमचा ट्रान्सफॉर्मर भरल्या लोडवर. दुपारी दीड-दोनच्या सुमारास मी कंट्रोल रूममध्ये डबा उघडून बसलो होतो, तेव्हा फाटकातून मामा आत आले. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा. बसमधून उतरून भर उन्हात चालत आले होते, अंगरखा पाठीला चिकटला होता.

“मामा, तुमी? काऊन?”

ते आधी पाणी प्यायले. मग म्हणाले, “काल सकाळपासून काटा शून्यावर हाय. काल दुपारी बी शून्य, आज पहाटे बी शून्य. तुमचा ट्रान्सफॉर्मर उघडा पडला, गौतमा.”

मला काळजी वाटली, पण ट्रान्सफॉर्मरची नाही. मला वाटलं, बालाजी बरोबर होता.

मी त्यांना हाताला धरून यार्डात नेलं. म्हटलं, डोळ्यांनी बघतील तर मन शांत होईल. नवा गेज चकचकत होता, सगळ्या पाइपांना नुकताच राखाडी रंग दिलेला. काटा बरोबर तीन पौंडांवर.

“पाहा मामा, तीन. भरल्या लोडवर, उन्हात, तीन. बरोबर हाय ना?”

त्यांनी टिचकी मारली. काटा तीनवर.

“पहाटे किती होता?”

“तीन.”

“काल पहाटे?”

मी जरा आठवलं. “तीन.”

“अन् परवा?”

याचंही उत्तर तीनच होतं. गेले पंधरा-वीस दिवस सगळ्या शिफ्टमध्ये, सगळ्या तासांना, तीनच लिहिलेलं होतं. एकमेकांच्या ओळी उतरवण्याची आम्हाला इतकी सवय होती, की शीटवर एकच आकडा उभा दिसला तर प्रत्येकाला वाटलं, आपल्या आधीचा उतरवतोय. काही वेळा बाहेर जाऊन पाहिलं तर गेजही तीनच सांगायचा, मग तर बरंच झालं.

तेवढ्यात फाटकाबाहेर ऑटो थांबली आणि बालाजी आला. मामा घरी न सांगता निघाले होते. मामींनी शोधाशोध केली, बस स्टँडवर कोणीतरी सांगितलं, आणि हा मागोमाग. आमचा लाइनमन, वॉचमन, दोघं-तिघं गोळा झाले होते. त्या सगळ्यांसमोर तो म्हणाला, “बाबा, चला. झालं ना तुमचं?” मग माझ्याकडे वळून, “तुम्हीसुद्धा? मी यांना डॉक्टरकडे न्यायचं म्हणतो आणि तुम्ही मीटर दाखवत बसलात?”

मामांनी मुलाकडे पाहिलं नाही. सगळ्यांच्या समोर उभं राहून त्यांचे कान लाल झाले होते. ज्या यार्डात लोक त्यांना विचारल्याशिवाय स्विच ओढत नसत, तिथे ते हात धरून न्यायच्या माणसासारखे उभे होते. खूप हळू आवाजात मला म्हणाले, “एकडाव कॉक पाय. मंग मी जातो.”

गेजच्या मागच्या पाइपात एक छोटा कॉक असतो, पाण्याच्या नळाच्या तोटीसारखा. त्याची मूठ पाइपाच्या सरळ रेषेत असली तर तो उघडा, आडवी असली तर बंद. मी वाकून मागे पाहिलं. नव्या राखाडी रंगात पाइप, कॉक, मूठ, सगळं एकजीव झालेलं. मूठ आडवी होती.

तो मीच बंद केला होता. रंगवाले पाइप घासायला आले तेव्हा गेजवर जोर येऊ नये म्हणून. दुपारची वेळ होती, तेव्हा प्रेशर तीन होतं. नंतर उघडायचं राहिलं, वरून रंग बसला, आणि तेव्हापासून तो चकचकीत गेज चार बोटं पाइपात अडकलेल्या वायूचा आकडा आम्हाला सांगत होता. टाकीशी त्याचा संबंधच नव्हता.

रंग कडक झाला होता. पक्कड लावून मूठ फिरवली. काटा तीनवरून सुटला आणि खाली आला, शून्यावर. तिथेच थांबला. भर दुपारी, भरल्या लोडवर, शून्य.

वॉचमननं डोक्यावरची टोपी काढली, का ते त्यालाही माहीत नसेल. मामांनी काचेवर तळहात ठेवला आणि म्हणाले, “बंद करा. पयले बंद करा, मंग बोला.”

मी धावत जाऊन आमच्या इंजिनियर साहेबांना फोन लावला. ते तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलायचे. मिला बंद करायच्या म्हटल्यावर त्यांनी आधी मला दोन मिनिटं झापलं, मग शांतपणे विचारलं, “कॉक खुला है ना अब? पक्का ज़ीरो?” मी म्हणालो, “पक्का, सार.” “तो बंद करो. मैं आ रहा हूँ.” मिला थांबल्या. हंगामात त्या गावावर अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

पुढचं थोडक्यात. टाकीवर चढून तपासलं, तर वरच्या झाकणाचं गॅस्केट, म्हणजे हवा रोखणारी रबरी पट्टी, फाटलेली. फाट ताजी होती. तेल तपासलं, ते अजून चांगलं होतं. साहेब म्हणाले, दहा-पंधरा दिवस पहाटेचं दव आत गेलं असतं तर हंगाम संपायच्या आत हा ट्रान्सफॉर्मर गेला असता, आणि त्या वेळी यार्डात जो असेल तोही. दर तासाला यार्डात जायचा हुकूम मलाच होता, याची मी तेव्हा त्यांना आठवण करून दिली नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नवं गॅस्केट बसलं, नायट्रोजन भरला, मिला सुरू झाल्या. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘कॉक माझ्या हातून बंद राहिला. दोष निवृत्त ऑपरेटर सटवाजी यांनी निदर्शनास आणला.’ पहिल्या वाक्याबद्दल मला मेमो मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. दुसरं वाक्य खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. भिंत मी लिहिली नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात अमानवीय ते काय? अनुभवी माणूस, त्यानं ओळखलं. कॉकचं मला मान्य आहे. एकच आकडा रात्रंदिवस ऐकल्यावर मामांना कॉक सुचणारच, तो त्यांचा अभ्यास. पण ते आले कशाला? रिटायर झाल्यावर त्यांनी तो नवा गेज एकदाही पाहिलेला नव्हता. आणि आले तर गुरुवारीच का?

गुरुवारी संध्याकाळी मी मामांना आणि बालाजीला सोडायला मुधोळला गेलो, तेव्हा कॅलेंडर पाहिलं. मंगळवारपर्यंत नेहमीसारखे आकडे, पहाटे डावीकडे, दुपारी उजवीकडे. बुधवारच्या चौकोनात नेहमीच्या तीनऐवजी खूप आकडे होते, दाटीवाटीनं. सकाळी सात, उणे अर्धा. सकाळी दहा, शून्य. मग बारा, दोन, चार, सहा. सगळे शून्य. बालाजी माझ्या खांद्यावरून वाचत होता.

शुक्रवारी गॅस्केट बदलताना आमच्या लाइनमननं कबूल केलं. आमच्याकडे हंगामात मिलांची पिंज उडून ट्रान्सफॉर्मरवरच्या चिनी मातीच्या खुंट्यांवर, म्हणजे बुशिंगवर, चिकटते, म्हणून आठवड्यातून एकदा तासभर लाइन बंद करून ती पुसावी लागते. त्या आठवड्यात पुसणं झालं बुधवारी, सकाळी आठ ते नऊ. लाइनमन वर चढला होता. चढलोच आहे तर, म्हणून त्यानं झाकणाचे बोल्ट पान्यानं एकेक आटा जास्त आवळले. चांगल्या मनानं. जुनं गॅस्केट तेव्हाच फाटलं असणार. आम्हाला कोणाला पत्ता नव्हता, खुद्द त्यालाही नव्हता. सात वाजता टाकी बंद होती, दहाला उघडी होती, आणि हे त्या दिवशी फक्त मुधोळमधल्या एका भिंतीला माहीत होतं.

मी सोडलं नाही हं. पुढे कधीतरी मामांची परवानगी काढून मी तो गेज मीटर सेक्शनमधल्या मित्राकडे नेला. त्यानं उघडला. नळी तर उभी चिरलेली होतीच, पण नळीपासून काट्यापर्यंत जाणारी जी बारीक दांडी असते, तिची पिनही तुटलेली. तो म्हणाला, याचा काटा प्रेशरनं हलूच शकत नाही, उन्हानं तर नाहीच. मी म्हणालो, हलतो. तो माझ्याकडे बघायला लागला, तसा मी गेज पिशवीत घातला आणि घरी आलो. मला ती नजर ओळखीची होती. मीही मामांकडे तसंच पाहिलं होतं.

हवेचा दाब, पितळ, अंदाज, योगायोग... सगळं करून पाहिलं. नव्वदच्या दशकात बदलीवर गेल्यावर एका कॉलेजच्या प्रोफेसरांनाही विचारलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि चहा मागवला. चहानंतर मीच उठलो.

शनिवारचं सांगायचं राहिलं.

काम नीट झालं हे सांगायला मी मुधोळला गेलो. मामा झोपले होते, दोन दिवसांच्या धावपळीनं थकले होते. मामींची पेटी ओसरीवर भरून, दोरी बांधून तयार होती. बालाजी गेजसमोर खुर्ची टाकून बसला होता. बराच वेळ बसला असावा, शेजारचा चहा साय धरून गार झालेला. काटा अडीच पौंडांवर होता.

“कधीपासून हलतोय?” मी विचारलं.

“काल संध्याकाळी साडेसहाला सुटला शून्यावरून.” तो वळला नाही. “तुम्ही कधी चालू केला?”

“साडेसहालाच.”

आतून मामांच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी निघालो तेव्हा तो माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. इतका शिकलेला मुलगा, हैदराबादला राहून बोलणं सगळं बदललेलं, पण त्या वेळी एकदम गावचं बोलला.

“दादा, तुमी विजेतले मानूस. काऊन होते हे?”

मला काहीतरी चांगलं उत्तर द्यावंसं वाटलं. त्याच्या बापानं मला हात धरून काम शिकवलं होतं, आणि त्याच बापाला मी चारच दिवसांपूर्वी, तुमचं डोकं फिरलेलं नाही, एवढं साधं वाक्य देऊ शकलो नव्हतो.

“मले नाई माहीत, बालाजी,” मी म्हणालो. “खरंच नाई माहीत.”

तो तिथेच उभा राहिला. “मंग डॉक्टरले काय सांगू? का मले समजत नाई म्हनून बाबाले पाहा?”

त्यानं मान हलवली आणि घरात परत गेला. मी बसची वाट बघत उभा होतो, तिथून त्यांची ओसरी दिसत होती. तो पेटीशेजारी बसला आणि दोरीची गाठ सोडायला लागला. गाठ घट्ट होती, त्याला बराच वेळ लागला.

रविवारच्या बसनं बालाजी एकटाच हैदराबादला गेला.